दोन मात्रा

रंगमंचाच्या ओठावर एक खोका आहे,
त्यात मी बसते. एकतीस हंगाम झाले.
प्रेक्षकांना दिसतं कासवाच्या पाठीसारखं लाकडी झाकण,
मला दिसतात बूट, झालरी, पोटऱ्या,
लेंच्काच्या डाव्या सँडलचा तुटायला आलेला पट्टा.
गाणारे विसरले की मी शब्द पुरवते,
त्यांच्या थुंकीचे शिंतोडे झेलत.
नोव्हेंबरात मारिबोरच्या नदीवर धुकं बसतं
आणि नाटकघराचे पाइप रात्रभर खोकतात.

यंदा पुन्हा तोच जुना हसरा खेळ:
दोन मित्र, दोन बहिणी, एक पैज.
चाललो लढाईवर, म्हणून मित्र निघतात,
विंगेत शिरतात, मिशा चिकटवतात,
परके होऊन परततात
आणि एकमेकांच्या प्रेयसीला गळ टाकतात.
बहिणींना ओळख पटत नाही.
इतकी की मंगळवारी ऐन द्वंद्वगीतात
टेनरची मिशी सुटून माझ्या पुस्तकावर पडली,
तरी लेंच्का त्याच्या उघड्या ओठाकडे बघत गातच राहिली:
कोण आपण, कुठल्या देशाचे?
सगळे हसले.
मी मिशी उचलून पान दुमडलं.

वादकांच्या खड्ड्यात माझा नवरा, वोय्को.
हॉर्न वाजवतो, दुसरा.
या खेळात हॉर्न मुद्दाम घातलेत म्हणे,
इकडे फसलेल्या नवऱ्याला शिंगं फुटतात.
फसलेल्या बायकोला काय फुटतं
ते कुणी स्वरात बांधलेलं नाही.
एकोणीस वर्षांपूर्वी हाच शिंग मोडून वासरांत गेला,
ग्राझच्या एका बासरीवालीमागे.
अकरा महिने.

परतला तेव्हा दाढी होती.
मी दार उघडलं, ओळखलं,
आणि विचारलं, कोण हवंय आपल्याला?
तो पायपुसण्याकडे बघत म्हणाला,
खोली भाड्याने आहे असं ऐकलं.
आहे, म्हटलं. स्वयंपाकघर सामाईक.

दाढी आठवड्यात गेली.
भाडं मात्र राहिलं:
दर पहिल्या तारखेला फ्रीजवर काही नाणी,
मी ती बरणीत टाकते.
विनोद आहे आमचा. पाहुण्यांना सांगतो, तेही हसतात.
बाकी त्या अकरा महिन्यांबद्दल
त्याने काही म्हटलेलं नाही
आणि मी, जिचं पोट पुरवलेल्या शब्दांवर चालतं,
मी काही पुरवलेलं नाही.

टिन्काराला, आमच्या दिग्दर्शिकेला, शेवट खटकतो.
अठ्ठावीस वर्षांची आहे, अजून शेवट खटकण्याचं वय.
मिशा काढल्या, हसलो, आपापल्या जोडीत उभे राहिलो,
असं कसं? म्हणते. मधे काहीतरी हवं.
काय, ते तिलाही सापडेना.

रंगीत तालमीत लेंच्का गुडघे टेकून
आली त्या शब्दापाशी, आणि विसरली.
साधा शब्द. क्षमा.
माझं बोट त्याच्यावर होतं, ओठ तयार होते.
तिचे डोळे खोक्यात आले, बुडणाऱ्यासारखे.
एक मात्रा.
पाइपसुद्धा खोकले नाहीत.
खड्ड्यात कुणीतरी हॉर्न उलटा करून पाणी झटकत होतं,
तेही थांबलं.
दुसरी मात्रा.
मग मी शब्द दिला आणि तिने तो गायला,
जरा वेड्यावाकड्या सुरात.

टिन्कारा अंधारातून धावत आली,
ही शांतता कुणी केली?
कुणी बोललं नाही.
लाल पेन्सिलीने तिने माझ्या प्रतीत लिहिलं: ठेवा.

आता चौदा प्रयोग मी रोज दोन मात्रा उशीर करते,
पगारी.
लेंच्का रोज विसरल्याचं सोंग करते,
आणि वोय्को, ज्याला त्या जागी वाजवायला काहीच नाही,
हॉर्न मांडीवर घेऊन मोजतो. मला त्याचा बूट दिसतो.

काल पहिली तारीख होती.
प्रयोग संपवून घरी आलो, कोट ओले.
त्याने खिशातून नाणी काढली, फ्रीजपाशी गेला,
हात वर नेला, आणि तसाच माझ्याकडे वळला.
तोंड उघडलं. शब्द येईना.

मी थांबले. दोन मात्रा. तीन. मोजणं सुटलं.
काही पुरवलं नाही.
नाणी त्याच्या मुठीत घामेजली असतील.

बरणी भरलीय, मी म्हटलं.
चहाला आधण ठेव.