एकतिसावा भाग

हदगावात बसस्टँडच्या मागं माझं दुकान.
दोन खुर्च्या, एकीचं फिरणं कधीच बंद पडलेलं.
भिंतीवर टीव्ही, त्यात सध्या चिनी मालिका,
हिंदीत डब केलेली:
जपानी शिपाई गाव घेतात, गाव गप्प बसतं
आणि रात्री बसत नाही.

शनिवारी केस कापायला कुणी येत नाही,
म्हणून चंपतमामा शनिवारीच येतात.
वय अठ्ठ्याऐंशी. गालाच्या घडीघडीत पाच पाच केस,
कातडी ताणून धरावी लागते
जुनी नोट सरळ करावी तशी.

पडद्यावर एक पोरगी
टोपलीतल्या वाफाळत्या पावात चिठ्ठी लपवून
नाक्यावरून चाललेली.
मामा साबणातून बोलले,
'शाई फुटंल की गं बाई.
वाफंनं शाई फुटती. ज्वारीची भाकर पायजे, परवाची,
कडक. पापुद्र्याच्या आत.'

मी वस्तरा थांबवला.
'अकरा वर्साचा होतो. पैनगंगेच्या अल्याड निजाम,
पल्याड आपला कॅम्प.
म्हशीचं शेपूट धरून जायचो.'
एवढंच.
मग ती पोरगी पळायला लागली, तर म्हणाले,
'पळू नको. पळणारं पोरगं कुत्र्याला बी कळतं.'

पुढच्या शनिवारी चहाच्या दुकानाचा मुनीम आला पडद्यावर
आणि मागं व्हायोलिन का काय ते कण्हलं.
'हा फितूर,' मी म्हणालो.
'तुला कसं कळलं?'
'म्युझिक वाजलं ना, मामा.'

वस्तरा कंठावर होता.
कंठ खाली गेला, वर आला.
मी हात उचलून धरला.

'आमच्या गावात लाडलेसाब पिंजारी होता.
दिवसा कापूस पिंजायचा. त्या आठवड्यात रातचं बी
तुंई... तुंई... वाजाया लागलं.
आन् रझाकार आले ते सरळ कडब्याच्या गंजीपाशी,
जिथं आपलं सामान होतं.
दोन माणसं गेली आपली.
कॅम्पातल्यांनी इचारलं, कुणावर वहीम?
मला वाटलं, ती धनुकली म्हंजी खूण असंल.
मी म्हणलो, लाडलेसाब.
भाकरीत ठिवलं नाही ते नाव.
तोंडानंच सांगितलं.'

लाईट गेली.
बाहेर जीपवाला 'वारंगा, वारंगा' ओरडत होता.
गालावरचा साबण वाळत चालला,
पाणी मारावं की नाही, मला सुचेना.

मी काही विचारलं नव्हतं. तरी म्हणाले,
'त्याच्या लेकीचं बाळंतपण होतं म्हणं.
तिच्यासाठी गादी.
रातीच येळ भेटायचा त्याला.
असंल. नसंल बी.
दुसराच कुणी निघाला असं मला कुणी सांगितलं नाही,
तोच होता असं बी नाही.
सतरा सप्टेंबरला झेंड्यापाशी खुर्ची देतात, शाल देतात.
घेतो मी.
गादीवर तेवढं निजत नाही.
सून म्हणती, मामंजी, पाठ धरंल.'

लाईट आली. एकतिसावा भाग.
चहाच्या दुकानात सगळे बसलेले:
मुनीम, ती पोरगी, तिचा थोरला भाऊ,
एक म्हातारा, पहिल्यांदाच दिसलेला.
व्हायोलिन सुरू होणार, तेवढ्यात
'आवाज बंद कर,' मामा म्हणाले.

मी केला.

'आता सांग. ह्यातला फितूर कोण?'

मी बघत राहिलो.
सगळे चहा पीत होते.
सगळ्यांच्या कपातून वाफ निघत होती.
सगळ्यांचे हात थोडे थोडे थरथरत होते,
थंडी असेल तिकडं.
मुनिमानं ओठ हलवले, पोरगी हसली,
म्हाताऱ्यानं दाराकडं पाहिलं.

मामा माझ्याकडं बघत होते, आरशातून.
डाव्या गालाची अर्धी दाढी
अजून राहिली होती.