दगडाला वास नसतो

मिलानहून आलेल्या कागदावर एकच ओळ होती:
'जुन्या दगडी गल्लीचा गंध. मुदत तीन महिने.'
खाली शिक्का.

दगडाला वास नसतो, हे मला बाबांनी शिकवलं.
कातानियाच्या रस्त्यांवरचा काळा लाव्हा
पावलांनी गुळगुळीत झाला की म्हाताऱ्या घसरायच्या,
मग नगरपालिका बाबांना बोलवायची
आणि जातं टाकवावं तसा
ते गुडघ्यांवर बसून अख्खा रस्ता टाकवायचे.
टाकीचे एवढे घाव सोसूनही
देवपण न आलेला दगड तो.
ठिणगी उडाली की क्षणभर काडेपेटीसारखं काही नाकात जायचं.
'हे लोखंडाचं,' ते म्हणायचे, 'त्याचं नाही.'

म्हणून मी दगड सोडून बाकी सगळं जमवत हिंडले.
मासळीबाजार धुतल्यावर उतारावरून येणारं पाणी,
त्यात खवले, बर्फ, कुणीतरी पिळून टाकलेलं अर्धं लिंबू.
क्रोचिफिस्सा मावशी दारासमोरचे चार दगड ब्लीचने पुसते,
पाचवा पालिकेचा.
फेब्रुवारीत जत्रा सरल्यावर फरशीवर साचलेलं मेण,
त्यावर टाकलेला लाकडाचा भुसा,
त्यावरून पाय टेकत टेकत जाणाऱ्या स्कूटर.
आणि राख.
इथे ज्वालामुखीला डोंगर म्हणत नाहीत, डोंगरीण म्हणतात.
ती रात्री खोकली
की सकाळी झाडूचंही न ऐकणारी काळी रेती, उंबऱ्याच्या आतपर्यंत.

रात्री तराजूपुढे.
नागरमोथा. थंडाव्याला वाळा.
ओकच्या सालीवरचं शेवाळ, अगदी जुनं.
जिओस्मिन, जे बीटातही असतं,
सुईचं टोक बुडवलं तरी जास्त झालं,
गल्लीचं तळघर झालं.
पुन्हा.
विझलेल्या मेणबत्तीसारखं एक अल्डिहाइड, ते मात्र
पहिल्याच खेपेला आपल्या जागी जाऊन बसलं.
सदतिसावी बाटली.

कागदाच्या पट्ट्या घेऊन खाली उतरले.
तुच्चो म्हणाला, सगळं ठीक, मासे कुठायत?
मावशी म्हणाली, कुणाची गल्ली ही? आमची एवढी घाण नाही.
कोपऱ्यावर पट्टे विकणारा बाबाकार, मूळचा सेनेगलचा,
बराच वेळ हुंगत राहिला.
'दुपारी कापड अंथरतो तेव्हा खालून येतो तो हाच,
पण तो गरम असतो.'
मिलान म्हणालं: सुंदर. ओल जरा कमी करता येईल?
लोकांना हे मनगटावर लावायचंय.

बाबा आता खिडकीशी असतात.
उजव्या हाताची मूठ पुरती मिटत नाही.
पट्टी त्यांनी दोन बोटांत धरली, ठिसूळ कपची धरावी तशी,
आधी उजेडात उलटीपालटी करून पाहिली,
बहुधा भेग शोधत असावेत.
मग नाकाशी नेली.
डोळे मिटतील असं मला वाटलं होतं, मिटले नाहीत.

'दगडाला वास नसतो, माहीत आहे मला,' मीच म्हणून टाकलं.
'नसतोच,' ते म्हणाले.
पुन्हा एकदा हुंगलं.
'पण व्हेनेरा, ही बाजू कुठली?
उन्हाची की सावलीची?'

मी वही उघडली.
तारखा होत्या, वजनं होती,
कुठल्या दिवशी वारा कुठून होता तेसुद्धा होतं.
बाजू लिहिलेली नव्हती.