गारपीट, मोसम पहिला

कळमन्याच्या मागं मिरचीचं शीतगृह होतं ते.
मांडण्या काढल्या, नळ्या अंथरल्या
आणि मला बोलावलं:
निखारे, बर्फ बनवता येते न तुमाले?

आडनाव निखारे, धंदा बर्फाचा.
यावर तीस वर्षांत सगळ्यांचं हसून झालंय.
लाद्या केल्या मी, लग्नाच्या, मासळीच्या,
मढ्यांच्याही.
साठ मीटर लांब लादी
कोणी मागितली नव्हती.

पाणी ओतायचं नसतं, फवारायचं.
थरावर थर, रात्रभर.
मग पांढरा रंग, मग मधली लाल रेघ.
रेघ मी मारली. वाकडी आली.
पंचांनी दोनदा पाहिली, बोलले नाहीत.

मालक सावरबांधे, मंडप-डेकोरेशनवाले.
संघाचं नाव त्यांनीच ठेवलं: गारपीट.
काटोलचा एक संत्रावाला पहिल्या सामन्याला आला,
पाटी वाचली,
तिकीट परत करून गेला.

लेहची सहा पोरं होती. बाकी आपली,
चाकांवरून उचलून पात्यांवर उभी केलेली.
सामन्यामागे आठशे रुपये, रात्री सावजी.
गोलकीपर रिगझिन पहिल्या रात्री रस्सा जेवला
आणि बर्फावर झोपू का, विचारायला आला.

भिंतींतून मिरची गेलीच नव्हती.
पंच चकती टाकायला वाकले
की दोन्हीकडचे शिंकायचे.
जबलपूरवाल्यांनी लेखी तक्रार केली:
यजमानांना सवय आहे.

बाहेर शेहेचाळीस. आत शंभर-सव्वाशे माणसं,
त्यातली निम्मी नुसती बसायला आलेली.
दारात वच्छलाबाई कांबळी देत होत्या, भाड्यानं,
मे महिन्यात, दहा रुपयाला एक.
त्या मोसमात नफा फक्त त्यांना झाला.

रायपूरशी सामना, एकोणीस तारीख.
दुपारी तीनला वीज गेली.
जनरेटर दिवे ओढत होता, कॉम्प्रेसर नाही.
तिसऱ्या डावात तीन-तीन,
आणि बर्फाला घाम फुटला.
आधी कडेला. मग जाळ्यापुढे.

पंचांनी मला आत नेलं. अजून किती वेळ?
मी हात टेकवला.
हाताला कळलं ते होतं पाच मिनिटं.
मी म्हणालो, पंधरा.

चकती म्हशीसारखी रुतत होती.
पाचपावलीचा हेडाऊ, त्यानं ती
ढकलत नेली, ढकलत नेली, आणि पडला,
पोटावर, चकती पोटाखाली,
पाणी दोन्ही बाजूंना उडवत
माणूस न् चकती एकदमच जाळ्यात.
तेवढ्यात दिवेही गेले.

गोल की नाही, वाद चालू आहे.
हेडाऊ म्हणतो, आत होती.
रायपूरवाले म्हणतात, आत हेडाऊ होता.

सकाळी मी शटर वर केलं.
पांढरं पाणी नालीकडे निघालेलं,
वर लाल तवंग.
माझी रेघ. जाताना
अगदी सरळ गेली.

दुसरा मोसम झाला नाही.
दोन महिन्यांचा पगार बाकी आहे,
सावरबांधे लग्नसराईत आहेत, वर्षभर.

चकती माझ्याकडे आहे. फ्रीझरमध्ये.
थंडच ठेवावी लागते,
तापली की उड्या मारते.
बायको वटाण्याची पिशवी काढताना
तिला बाजूला सारते, म्हणते,
हे काय ठेवून राहिले तुमी, कोणाचं आहे?

रायपूरवाल्यांचं नाही, एवढं मी सांगतो.