नंबर दोनशे चौदा

तिसरीत होतो. वाघदऱ्याच्या शाळेत
बाकावर उताणा पाडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आ कर.
जंगूबाई आत्राम वहीत लिहीत होत्या:
दोनशे चौदा. वरचे चार, पिवळे पट्टे. पाणी बोअरचं.

मग दर पौषात, तुरी सोंगायच्या दिवसांत,
तोच आरसा, तीच वही, पुठ्ठा नवा.
एका साली खर्रा थुंकून बसलो.
बाई रागावल्या नाहीत.
म्हणाल्या, हेही लिहा.

मधात चार वर्षं पैसे बंद.
दिल्लीचा कागद आला होता म्हणे,
निष्कर्ष तीन वर्षांत पाहिजेत.
बाई हसल्या:
अक्कलदाढ यायलाच अठरा लागतात!
त्या चारही वर्षी वणीहून एसटीनं आल्या,
हातमोजे पदरचे,
डबा जंगूबाईच्या घरचा.

परवा नागपुरात त्यांना शाल मिळाली.
पेपरात फोटो आहे,
ओठ मिटलेले.
जंगूबाईचं नाव मी दोनदा शोधलं.

ती आज आली, नेहमीसारखी, चप्पल दाराबाहेर.
माझ्या पोरीला म्हणाली, आ कर.
दोनशे चौदाच्या खाली रेघ मारली,
लिहिलं: एक.

दुधाचा दात हलते, मी म्हटलं.
पडू दे, म्हणाली,
घाई नाही.