कितवा पेला

गोज्जामच्या त्या डोंगरावर आम्ही एकवीस पोरं,
अंगावर मेंढीचं कातडं, खांद्याला मागून आणलेल्या इंजेऱ्याची टोपली,
आणि गवताच्या झोपड्या, एक जण मावेल एवढ्याच.
यनेता शिकवायचे: ओळीला दोन अंगं.
वर मेण, आत सोनं.
सोनार साचा तापवतो, मेण वाहून जातं,
उरतं ते खरं.
मेणावर भाळू नका रे, म्हणायचे,
आणि घोड्याच्या शेपटीनं माश्या वारायचे.

एका संध्याकाळी, देवळामागच्या जुनिपरखाली,
त्यांनी दोनच ओळी म्हटल्या:

    पहिल्या पेल्यानंतरच पाहुणा उठला.
    बरकेचं पाणी चुलीवर उकळत राहिलं.

बरका म्हणजे कॉफीचा तिसरा, शेवटचा पेला.
बरका म्हणजे आशीर्वादही.
एवढी मेख तर कालच आलेल्या पोरालाही दिसली.

आम्ही तुटून पडलो.
लिसानेवर्क म्हणाला, पाहुणा म्हणजे आदाम,
एदेनातून निघाला, आशीर्वाद मागे राहिला.
अंबाचेव म्हणाला, जीव. देहाच्या घरी आलेला, घाईचा.
मी तीन दिवस कोसोच्या झाडाखाली बसलो,
एकेका अक्षराचा कीस काढला,
आणि घेऊन आलो यहूदा:
जेवण अर्धं टाकून, अंधारात,
तीस नाण्यांकडे निघालेला.
यनेता हुंकारले. माशी उडाली.
"चांगलं आहे," म्हणाले.
त्या रात्री झोप नाही,
उशाशी ते सोनं इतकं चकाकत होतं.

सकाळी मागायला खाली गावात.
मर्यमच्या नावानं, मर्यमच्या नावानं,
आणि कुत्री नेहमीप्रमाणे पोटऱ्यांशी.
शेवटचं घर येशिमबेतचं. ती देवळासाठी मेणवाती वळते,
हाताला कायम पोळ्याचा वास.
"काय म्हणाले तुमचे गुरुजी एवढ्यात?"
सहज विचारलं, वात मांडीवर वळता वळता.
गीझ तिला कळत नाही. मी अम्हारिकमध्ये उलगडून सांगितलं,
वर माझा यहूदाही वाढला, जरा फुशारकीनं.

यहूदाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.
"कितव्या पेल्यानंतर म्हणाले?"
पहिल्या.
वात थांबली.
"दुसरा झाला होता," ती म्हणाली.
"दुसरा पुरा घेतला होता त्यांनी.
तळाचा गाळ उरला, तेवढाच."

मग आत गेली. बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज.
बाहेर आली ती दोन इंजेरे घेऊन, रोज एक असतो,
आणि एक मेणवात.
"अभ्यासाला," म्हणाली.
कुत्र्यांना तिनं स्वतः हाकललं.

चढ चढताना माझी तीस नाणी कुठे पडली
मी मोजायला थांबलो नाही.

"अजून काही सापडलं?" यनेतांनी विचारलं.
ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी पहिलीच वेळ.
"नाही. पण यनेता,
त्या ओळीत पहिल्याच्या जागी दुसरा बसतो का? वृत्तात?"

हातातली शेपटी थांबली.
एक माशी भुवईवर येऊन बसली. त्यांनी बसू दिली.
"बसतो," पुष्कळ वेळानं म्हणाले.
"नीट बसतो.
मीच बसू दिला नाही."
आणि लिसानेवर्कला हाक मारली, कालचा पाठ म्हण म्हणून.

रात्री ती वात पेटवली.
ओळ पुटपुटून पाहिली, पहिल्या पेल्यानंतर.
मग दुसऱ्या पेल्यानंतर.
मग पुन्हा पहिल्या,
कारण असं उठून जाणाऱ्याला
आपण लवकर उठलो असंच आठवत असणार,
आणि पाणी ठेवून बसलेलीला
तो थांबला होता तेवढंच.
बाहेर तरस ओरडत होतं.
मेण ओघळून बोटावर पडलं, चटका बसला.
वाहून कुठे गेलं नाही.
थिजलं तिथेच,
बोटाच्या रेघा धरून.