पाणी उतरवणं

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, गल्लीच्या पार टोकाला
आमची भट्टी जमिनीत पुरलेली आहे
विहिरीसारखी.
हिच्यात डोकावलं तर मात्र भुवया जळतात.

नऊशे तीस अंश, सहा तास.
आत उभे टांगलेले एक्सल, पिनियन, गिअरबॉक्सचे शाफ्ट,
आणि वरून थेंब थेंब गळणारं मेथनॉल.
त्यातला कार्बन पोलादात मुरत जातो,
कैरीत मीठ मुरावं तसा,
सहा तासांत जेमतेम एक मिलिमीटर.
"घाई केलीस तर आत जात नाही तो,"
शिर्केकाका म्हणायचे,
"वरच काजळी धरून बसतो."

मग क्रेन कुरकुरते.
लाल झुंबर वर येतं, क्षणभर हवेत,
आणि धाडकन तेलात.
याला काका म्हणत पाणी देणं.
तेलात बुडवून पाणी देणं!
पहिल्या आठवड्यात मी हसले होते.
माझ्याकडे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा होता,
त्यांच्याकडे एक झिजलेली कानस.
ती दातांवर घासून ते ऐकत बसायचे.
घसरली, तर पाणी चढलं.
चावली, तर परत भट्टीत.
माझं रॉकवेलचं मशीन मागाहून तेच सांगायचं,
आकड्यात.

पण पाणी चढलेलं पोलाद लगेच गाडीला द्यायचं नसतं.
फार ताठ असतं ते तेव्हा,
पोलादाच्या रंगाची काचच.
दुसऱ्या, मंद भट्टीत, एकशे ऐंशीवर, दोन तास
त्याचं पाणी थोडं उतरवावं लागतं.
बासष्टचे एकोणसाठ.
या तीन आकड्यांचेच पैसे गिऱ्हाईक देतं,
त्याला वाटतं, एकोणसाठचे देतोय.

उत्तरायणाच्या आदल्या दिवशी
मंद भट्टीची कॉइल गेली.
पोरं मांजा आणायला पळालेली,
काका मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घरी,
आणि केयूर दारात, जीपचं इंजिन चालू ठेवून.
परवा रणात शर्यत होती त्याची.
हसमुखभाई ऑफिसातूनच ओरडले, "आपी दो ने, बेन!"
मी मशीनवर दाब दिला. बासष्ट.
कागदावर बासष्ट लिहिलं, पुढे ओके,
खाली सही. स्वच्छ अक्षरात.

नवव्या दिवशी एक्सल परत आला
गोणपाटात, दोन तुकडे.
केयूरला काही झालं नव्हतं.
रणाच्या मधोमध रात्र काढली त्याने,
पहाटे मिठावरून चालत निघाला,
आणि हे सगळं हसत हसत सांगत होता.

काकांच्या एका डोळ्यावर अजून हिरवी पट्टी.
त्यांनी तुकडा घेतला, तुटल्या जागी अंगठा फिरवला.
"साखरेसारखं तुटलंय," म्हणाले.
"चांगलं पोलाद तुटताना ओढ घेतं, तंतू सोडतं.
याचं पाणीच कुणी उतरवलं नाही."
सही कुणाची, हे विचारलं नाही.
मला वाटलं, आता माझं उतरवतील,
सगळ्यांसमोर, या क्रेनखाली.
त्यांनी दोन चहा सांगितले.
एक माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले,
"कॉइल कुठे मिळते, माहीत आहे ना?"

तो तुकडा माझ्या टेबलावर असतो,
रिपोर्ट उडू नयेत म्हणून.
रात्रपाळीला दिवा तिरपा पडला
की तुटलेल्या तोंडावर कण चमकतात,
मी तो उलटा करून ठेवते.

केयूर अजून येतो.
नव्या जीपचे नवे एक्सल, दर वेळी तीच घाई.
"किती आला, बेन?"
एकोणसाठ येईल.
"साठ करा ना."
बाहेर त्याचा हॉर्न वाजत राहतो.
मी मंद भट्टीच्या घड्याळाकडे बघते.
अजून पन्नास मिनिटं आहेत.