थोपटेबाईंचा डबा

डिसेंबर अर्धा सरला की
खालच्या ढमढेरेकाकांचा आकाशकंदील वर येतो आमच्याकडे.
शेपट्या फाटलेल्या असतात,
त्या कापून आम्ही त्याला चांदणीच्या पोटात बसवतो.
घोरपडे पेठेत दिव्याला कोणी धर्म विचारत नाही,
फक्त वायर कुठून घेतली ते विचारतात.

आई रवा भाजते.
करंजीला कातण नाही आमच्याकडे,
ती काट्याच्या चमच्याने कडा दाबत जाते,
आणि पहिली फुटली की म्हणते,
ही शांतवनची.
पप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली,
फुटकी करंजी अजून त्यांचीच.

फडताळात सगळ्यात वर
एक कडीचा डबा आहे.
बुडाला ठिपक्या-ठिपक्यांचं नाव:
सौ. इंदुमती शं. थोपटे, भोर, १९७१.
आमच्यात कोणीच थोपटे नाही.

शहाऐंशी साली, नाताळच्या आदल्या रात्री
पप्पा ससूनला होते. पोट उघडून शिवलेलं.
वॉर्डाबाहेरच्या गार फरशीवर आई,
तिच्या पदरात मी, पाच वर्षांची,
नव्या फ्रॉकसाठी रडून थकलेली.
शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची बायको
काही न विचारता खाली बसली,
डबा उघडला. पिठलं, दोन भाकरी,
मुठीने फोडलेला कांदा.
जेव गं, म्हणाली,
उपाशी माणूस रोग्याला कसला धीर देणार?

पहाटे पंचहौदच्या घंटा वाजत होत्या.
ती खाट मोकळी होती, गादी गुंडाळलेली.
डबा आमच्या उशाशी.

आई दोनदा भोरला जाऊन आली.
थोपटे तिथे खंडीभर.
इंदुमती? कुठल्या आळीची?
आईला एवढंच ठाऊक की
तिच्या हातावर तुळस गोंदलेली होती.

दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये.
हे काही उपदेशात ऐकलेलं नाही,
हे आजीने ओट्याशी शिकवलेलं.
म्हणून चोवीस तारखेला डबा भरून
ससूनला जायचं,
जो कोणी फरशीवर बसलेला दिसेल, त्याच्यापुढे ठेवायचा,
आणि सकाळी उपासनेआधी घेऊन यायचा.
पस्तीसएक नाताळ असा गेला, असा आला.
एकदा आत दोन पेरू होते.
एकदा चिमूटभर साखर.
एकदा काहीच नाही, पण घासून लख्ख केलेला.
दान म्हटलेलं आईला चालत नाही.
दान कसलं? उसनं फेडतेय.

यंदा तिच्या गुडघ्यांनी जिना नाकारला.
मी एकटी गेले.
एक्स-रेचं पाकीट मांडीवर घेऊन बसलेला एक पोरगा,
मिसरूडही न फुटलेला.
दिला. वर ते वाक्य बोलले,
दर वर्षी आई बोलते तेच:
डबा तेवढा सकाळी परत द्या हं.
माझ्या तोंडी ते फार कंजूष वाटलं.

सकाळी तो नव्हता.
सिस्टर म्हणाली, रात्रीच दुसरीकडे हलवलं पेशंटला.
कुठे? रजिस्टर दिवसपाळीच्या कुलपात.
मी नवी साडी नेसून उभी,
हात मोकळे.
घंटा सुरू झाल्या, मी रिक्षात रडले.
स्टीलच्या डब्यासाठी,
हे रिक्षावाल्याला कसं सांगणार?

घरी येऊन सांगितलं.
आई चष्मा पुसत राहिली बराच वेळ.
मग विचारलं,
त्याने बुडाचं नाव वाचलं का?
वाचत होता, मी म्हटलं.
ठिपक्यांवरून बोट फिरवत होता.

मग झालं तर, आई म्हणाली.
आता त्याला शोधू दे थोपटे.

फडताळात वर धुळीत
एक स्वच्छ गोल उरला होता.
तो पुसायला मी स्टूल घेतलं, तर म्हणाली, राहू दे.
आणि थोड्या वेळाने, आतल्या खोलीतून:
करंज्या मऊ पडल्या नव्हत्या ना गं?